झोडणीच्या दिवसांतली तानी

दिवाळीच्या पणत्या विझल्या की माझ्या कानांत मार सुरू होतो. धप्, धप्, धप्. आता मुळशीकडे भात यंत्रावर मळतात म्हणे, आणि मी राहते तिथे तर भाताचं रोपही दिसत नाही. तरी शेजारच्या गच्चीवर कुणी गादी बडवायला घेतली की माझे खांदे आपोआप वर जातात आणि घशात भाताचं कूस अडकल्यासारखा कोरडा खोकला येतो. डॉक्टर म्हणतात, धुळीची ॲलर्जी आहे. असेल.

परवा अशीच गादी बडवली जात असताना माझी पुतणसून आली. ती एका बालवाडीत शिकवते. चहा घेता घेता म्हणाली, वर्गात एक मुलगा आहे, फारच मारकुटा. कुणाला मारतो, मी विचारलं. सगळ्यांना. कधी? सारखाच. बरं, मारायच्या आधी त्याचे हात कुठे असतात? तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की म्हातारीचं आता काही खरं नाही. मला राग आला. माझा राग लवकर येतो आणि उशिरा जातो, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी तिला म्हटलं, मग तू त्याला अजून पाहिलेलंच नाहीस, नुसतं नाव ठेवलं आहेस. ती बिचारी उठली. चहाही अर्धा ठेवून गेली. तिच्यासाठीच हे लिहायला बसले आहे, असं समजा.

मी एकोणीसशे पन्नास-साठच्या दशकात मुळशीच्या धरणाच्या पाण्याकाठच्या एका वस्तीत बालवाडी चालवायला गेले, ती नेमकी झोडणीच्या दिवसांत. पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत रंगीत मणी होते, लाकडी ठोकळे होते, पाठ केलेली बडबडगीतं होती. उतरले तो समोर खळं. माणसं भाताची पेंढी डोक्यावर उंच उचलत आणि फळीवर आपटत. दाणे छर्र्यासारखे उडत. आंबेमोहोराचा वास इतका गोड, की त्या वासात इतका मार चालू आहे हे पटत नसे. पात्यांनी कापून कापून माणसांचे हात कोपरापर्यंत रक्ताळलेले असत. पेंढ्या रचलेली उडवी हलली की उंदीर पळत, आणि पोरं हातात येईल त्या काठीने त्यांचा चेंदा करत. बैल मार खात, कुत्री मार खात. दिवसभर झोडून आलेल्या पुरुषाचा हात संध्याकाळीही थांबत नसे, मग बायका मार खात. बायकांकडून तो मार पोरांकडे जाई. कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. पाऊस नाही, लख्ख ऊन, निळं पाणी, आणि सगळीकडे आपटल्याचा आवाज.

माझी बालवाडी मारुतीच्या देवळाच्या पडवीत भरे. सकाळी पावडरीचं दूध, मग गाणी, मग मणी ओवणं. शिकवायचं ते कमी, बघायचं ते जास्त, असं आमच्या प्रशिक्षणात मोठ्या ताईंनी बजावलं होतं. या ताई म्हणजे फार कडक बाई. मुलाच्या नजरेच्या खाली बसायचं. समोर नाही, जरा बाजूला. बांगड्या वाजायच्या नाहीत. एकाच मुलाकडे टक लावायची नाही, त्याला ओझं होतं. ‘का केलंस’ असं मुलाला विचारायचं नाही, कारण ते त्यालाही माहीत नसतं. आधी काय झालं आणि नंतर काय झालं ते बघायचं. कुणाला इजा होणार असेल तर मध्ये पडायचं, नाहीतर हात मांडीवर. आणि विशेषण वापरायचं नाही. मी एकदा एका मुलाबद्दल ‘हट्टी’ लिहिलं, तर ताईंनी तो कागद माझ्यासमोर टराटरा फाडला. म्हणाल्या, हट्टी म्हटलंस आणि तिथेच बघणं सोडलंस. मला त्या वेळी त्या बाईंचा संताप आला होता.

आमचा एक खेळ होता, शांतीचा खेळ. मुलांनी डोळे मिटायचे, हलायचं नाही, बाहेरचे आवाज ऐकायचे. थोड्या वेळाने मी एकेकाचं नाव हळूच घेई, मग त्याने पाय न वाजवता माझ्याजवळ यायचं. त्या वस्तीत हा खेळ मला फार आवडू लागला. सगळा मार बाहेर ठेवून पडवीत तेवढी एक शांतता मी तयार केली आहे, असं वाटे. मुलं पहाटेपासून उठलेली असत, त्यामुळे काही तर खरंच आडवी होऊन झोपी जात. मीही त्यांना निजू देई.

अशाच एका शांततेत किंकाळी उठली. बघते तो तानी आडव्या झालेल्या बबनच्या छातीवर बसलेली. ही तानी चारेक वर्षांची, धोंडिबा आणि हौसाची मुलगी, नुकतीच यायला लागलेली. बबन तिच्याहून लहान. तिने त्याच्या गालाचा लचका दातांत धरला होता आणि हातातल्या लाकडी ठोकळ्याने ती त्याच्या खांद्यावर मारत होती, खळ्यावरच्या त्याच तालात. मी तिला ओढलं, तर तिने माझ्या मनगटात दात रोवले. बबनने घट्ट मिटलेले डोळे उघडून टाहो फोडला आणि ती थांबली. एकदम. रक्त त्याच्या हनुवटीवरून ओघळत होतं. तिने बोट पुढे करून त्याच्या पापणीला लावलं आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

मग काय, बायका जमल्या. बबनच्या आईने तानीच्या थोबाडीत दिली. हौसा खळ्यावरून धावत आली आणि तिने तर पोरीला केसांना धरून पायरीवर आदळलं. तानी रडली नाही. हे बायकांना जास्त झोंबलं. मार खाऊन न रडणारं पोर म्हणजे त्यात दुसरंच कुणीतरी आहे, हे तिथे ठरलेलं. सगळ्याजणींनी मला समजावलं, की कापणीच्या वेळी हौसाचा तान्हा गेला, बारक्या म्हणत त्याला, आणि तेव्हापासून पोरगी अशी झाली. घरात झोपलेल्या आजीच्याही हाताला चावली होती. बारक्याला ज्याने नेलं ते आता हिच्यात शिरलंय. झोडणी संपून दाण्यांची रास झाली की खळ्यावर राखण देतात, म्हणजे देवीला कोंबडं कापतात. त्या दिवशी देवऋषी येणार होता. तो तानीला डाग देणार होता.

डाग म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. अंग धुऊन देताना माझ्या निम्म्या मुलांच्या पोटांवर मी ते वळ पाहिले होते, बेंबीच्या बाजूला, विळ्याच्या पात्याएवढे, पांढुरके आणि गुळगुळीत. विळा निखाऱ्यात लाल करतात आणि पोटावर टेकवतात. मागच्या साली एका पोराचा डाग चिघळला आणि ते पोर गेलं. हे मला सांगणारी बाई सुपाने भात पाखडत होती आणि सांगून झाल्यावरही पाखडतच राहिली.

मी तणतणत धोंडिबाकडे गेले. तो झोडत होता, थांबला नाही. त्याच्या हाताच्या ताकदीने फळी दर वेळी जमिनीतून उसळत होती. मी आरोग्य सांगितलं, कायदा सांगितला, आवाज चढवला. त्याने पेंढी उलटी केली, उरलेले दाणे झाडले आणि शांतपणे म्हणाला, “बाई, तुमच्या शिकवन्यानं तिचं दात बोथट व्हनार हायेत का? व्हत असतील तर करा. रास हुईस्तवर वाट बघतो.” आणि पुढची पेंढी उचलली.

रास होईपर्यंत. एवढाच वेळ माझ्या हातात होता, आणि माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. मी बघायला बसले. खाली, बाजूला, हात मांडीवर. मनातून मी इतकी पेटले होते की ते हात मांडीवर ठेवायला मला ते एकमेकांत घट्ट धरावे लागत.

एका मुलाने तानीचे मणी हिसकले. तिने ओरडून परत मागितले, मारलं नाही. दुधाच्या वेळी ढकलाढकली झाली, तिला कोपर लागलं, ती चारचौघांसारखी रडली. मारलं नाही. माझ्या पिशवीत चिंध्यांची एक बाहुली होती. मला वाटलं होतं, आता या बाहुलीचे हाल कुत्रं खाणार नाही. तर तिने तिला खांद्यावर घेतलं आणि थोपटत दिवसभर फिरली. बाहुलीचे डोळे मी कोळशाने काढले होते. ते उघडे होते.

मग एक मुलगी तापाने कलंडली, पायरीशीच डोळे मिटून आडवी झाली. तानी मणी ओवत होती. तिचे हात थांबले. आधी ते तिच्या स्वतःच्या कानांवर गेले. मानेची शीर ताठ झाली, श्वास वर वर येऊ लागला. ती त्या मुलीवर झेपावली, मी सरकून मध्ये हात घातला, म्हणून सगळे ठोसे माझ्या दंडावर बसले. एवढ्याशा मुठी, पण हाड दुखेपर्यंत. आजारी मुलीने डोळे उघडले आणि मार बंद. बोट पापणीला. पुन्हा मणी.

दुसऱ्या दिवशी शांतीचा खेळ घेतला तो सगळ्यांना बसवून, कुणाला आडवं होऊ न देता. मी तानीच्या अगदी जवळ. मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या मुलांवरून तिची नजर फिरली. कुणाचं डोकं डोलत होतं, कुणी गालातल्या गालात हसत होतं. तिने कुणालाही हात लावला नाही.

एवढंच मला कळलं. आडव्या झालेल्या, डोळे मिटलेल्या मुलालाच ती मारते, आणि डोळे उघडले की सोडते. कारण मला ठाऊक नव्हतं. वस्तीचं म्हणणं ऐकून ऐकून खरं सांगायचं तर मलाही मधूनच भीती वाटे, की झोपलेल्यांचा द्वेष करणारं खरंच काही असेल काय. पण मारामागे द्वेष आहे, हेही मी पाहिलेलं नव्हतं. तेही विशेषणच होतं.

मी हौसाकडे गेले. ती डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन बांधावरून येत होती. मी तिला तानी चांगली आहे असं म्हटलं नाही, वाईट आहे असंही नाही. फक्त पाहिलं ते सांगितलं, आधी काय होतं, नंतर काय होतं. पापणीचं सांगितलं तेव्हा हौसाच्या डोक्यावरचा भारा खाली आला. तिने तो टाकला नाही, मानच गेली तिची.

मग ती बोलू लागली. कापणीत ढग आले होते. कापलेलं भात शेतात पडलेलं, सगळी वस्ती वेड्यासारखी उचलायला धावलेली. तान्हं पोर रडत राहिलं तर आईचा हात अडतो. म्हणून त्या बाजूच्या बायका करत तेच तिने केलं. बोटावर अफूचा कण घेऊन बारक्याच्या जिभेला लावला, झोळी झाडाला बांधली आणि तानीला खाली बसवलं. बजावून सांगितलं, त्यो निजलाय, उठवू नगं, उठवलंस तर तंगडं मोडीन. मध्ये एकदा तानी शेतात आली होती. म्हणाली, बारक्या गार लागतोय. हौसाने तिच्या मुस्काटात मारली आणि परत पाठवलं. तानी गेली आणि बसून राहिली. सांगितलं तसं, ऊन उतरेपर्यंत. तिने त्याला उठवलं नाही.

मला हौसाला मारावंसं वाटलं. अगदी खरं सांगते, हात शिवशिवले. त्या दिवसांत त्या हवेत हात उचलणं फार सोपं होतं. पण ती बाई माझ्यासमोर स्वतःच्या तोंडात पदराचा बोळा कोंबून उभी होती, आणि मी मारण्यासारखं तिच्यात काही उरलंच नव्हतं. तिने भारा पुन्हा डोक्यावर घेतला. बांधावरून खळ्याकडे निघाली.

राखण संध्याकाळी उन्हं कलताना होती. मध्ये भाताची रास, पिवळी, वासाने घमघमणारी. देवऋषीने कोंबड्याची मान मुरगाळून एका घावात तोडली. धड खळ्यावर फडफडत फिरलं, आणि राशीभोवती रक्ताची रेघ ओढली गेली. बाजूला निखारे होते. त्यांत विळा. पातं आधी काळं होतं, मग जांभळं, मग लाल. मी मनाशी ठरवून गेले होते की पोरीला उचलायचं आणि धरणाच्या रस्त्याने पळत सुटायचं. पण दोन बाप्ये आधीच माझ्या पुढ्यात येऊन उभे राहिले होते. मी त्यांना ढकललं, शिव्या दिल्या, भिंतीला ढकलल्यासारखं झालं. धोंडिबाने तानीला गुडघ्यांत पकडलं आणि तिचं झबलं वर केलं. तिचं पोट श्वासाने आत-बाहेर होत होतं.

तेवढ्यात हौसा पुढे आली आणि राशीजवळच्या पेंढ्यावर आडवी झाली. हात अंगालगत सरळ ठेवले आणि डोळे मिटले.

हौसाची सासू ओरडली, हिलाबी लागलं. देवऋषी मागे सरला. तानीने पाहिलं. आधी हात कानांवर न्यायचा प्रयत्न केला, पण ते बापाच्या हातात होते. मग तिने त्याच्या अंगठ्याचा असा चावा घेतला की तो कळवळून सुटला, आणि ती आईवर तुटून पडली. मुठींनी छातीवर, गालावर, तोंडावर. केस उपटले. कानाची वरची पाळी दातांत धरून ओढली, बुगडीसकट फाडली. पेंढ्यावर रक्त पडलं. हौसा हलली नाही. तिचे ओठ फाटले तरी हलली नाही. सगळी वस्ती बघत होती, आणि त्या अख्ख्या महिन्यात पहिल्यांदाच तिथे एकाच्याच माराचा आवाज येत होता. पोरीच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, नुसता दम लागल्याचा आवाज, वर चढत जाणारा.

मग हौसाने डोळे उघडले.

तानीची मूठ हवेतच थांबली. तिने बोट पुढे केलं, आईच्या एका पापणीला लावलं, मग दुसऱ्या. आणि तिच्या छातीवर डोकं टाकून, आल्यापासून मी तिला कधी पाहिलं नव्हतं तशी, मोठ्याने रडली.

हौसा पडल्या पडल्याच बोलली, नवऱ्याला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “आवो, मारत न्हाई ती. उठवतीया. बारक्याला उठवू नगं म्हनून म्याच सांगितलं हुतं तिला.”

देवऋषी म्हणाला, वेळ टळतीया. धोंडिबाने निखाऱ्यांतून विळा उचलला. त्याने तो पाण्याच्या मडक्यात खुपसला. चर्र झालं, मडकं तडकलं, पाणी त्याच्या पायांवरून वाहत राशीपर्यंत गेलं. मग तो फळीपाशी गेला आणि झोडू लागला. झोडायला काही उरलं नव्हतं. झोडलेलाच पेंढा तो पुन्हा पुन्हा उचलून आपटत होता, एक दाणा निघत नव्हता, आणि चावलेल्या अंगठ्याचं रक्त पेंढीला लागत होतं. त्याला कुणी थांबवलं नाही.

एवढ्याने वस्तीतली अफू काही संपली नाही. मी घरोघर सांगत फिरले, काही बायकांनी अफूच्या डब्या फेकल्या, काहींनी माझ्या तोंडावर दार लावलं. त्यातल्या एकीशी तर माझी अक्षरशः झटापट झाली. हौसा मात्र माझ्यामागून घरोघर येई आणि उंबऱ्यात उभी राहत असे. तिची फाटलेली पाळी सगळ्यांना दिसे. बुगडी तिने पुन्हा घातली नाही.

शांतीचा खेळ मी बंद केला नाही. मुलांना उठवायचं काम तानीला दिलं. नावं घ्यायचं काम माझं, आणि जाऊन हात लावायचं तिचं. सुरुवातीला ती धपकन मारायचीच, आणि मी तिचा हात माझ्या हातात धरूनच नेत असे. मुलंही तिला बघून कान झाकून घेत. मग मार चापटीवर आला, चापटी टिचकीवर. धरणाचं पाणी उतरून काठाचा चिखल उघडा पडू लागला तोवर ती मुलांना बोटाने उठवायला शिकली होती. खळी केव्हाच झाडून मोकळी झाली होती. गुरं त्यांवरून निवांत चालत.

अशाच एका दुपारी माझंच अंग मोडून आलं. मुलं मण्यांत रमली होती, मदतीला येणारी वस्तीतली एक बाई दुधाचं पातेलं घासत होती. मी भिंतीला टेकले, आणि केव्हा घसरून चटईवर आडवी झाले, मला कळलंही नाही. जाग आली ती कुजबुजीने. बबन काहीतरी विचारायला आला असावा. त्याला कुणीतरी थोपवत होतं. “बाई निजल्यात,” तानीचा आवाज होता. “आपल्या आपन उठत्याल.”

पापण्यांच्या फटीतून मी पाहिलं. ती माझ्या समोर नाही, जरा बाजूला बसली होती. हात मांडीवर, एकमेकांत घट्ट धरलेले. नजर माझ्या छातीवर, वरखाली होणाऱ्या पदरावर. किती वेळ बसली होती कोण जाणे. मी डोळे उघडले तेव्हा तिने माझ्या पापणीला हात लावला नाही. बाहुली खांद्यावर टाकली आणि खेळायला निघून गेली.